आमची शाकाहारी कुत्री

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवालाही नाही — तो उलटून काही विचारत नाही, म्हणून त्याला सांगणं फारच सोपं झालं असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्यासमोरही मी तोच राहिलो असतो, जो गावाला माहीत आहे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणं मऊ, मठाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवला जाणारा माणूस. त्या माणसाची मला किळस येते. दिसायला मात्र तो चांगला आहे, हे मान्य करतो.

सुरुवात कुठून करू? कुत्र्यांपासूनच करतो, ती निदान खोटं बोलली नाहीत.

माझा मुलगा पुण्यात असतो. त्याच्याकडे एक सोनेरी केसांचं लाडावलेलं कुत्रं आहे. मागच्या दिवाळीत आम्ही गेलो, तर संध्याकाळी सुनेनं फ्रीजमधून एक डबा काढला. डब्यात कच्चं मांस. बारीक तुकडे, वर किसलेलं गाजर. मी बघतच राहिलो. मुलगा मला कौतुकानं समजावू लागला, आता सगळे असंच देतात, कच्चंच चांगलं, केस चमकतात, दात राहतात, याला रॉ डाएट म्हणतात. आणि आमची आई — नव्वदीला टेकलेली, जन्मात कांदा-लसणाच्या पुढं न गेलेली — सोफ्यावरून म्हणाली, अगं त्याची जेवायची वेळ झाली, दे त्याला लवकर. त्याच फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात तिचं दही होतं. कुणाचं काही बाटलं नाही. कुणी अंघोळ केली नाही.

मी हसलो. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गंमत वाटली. मी हसलो, कारण मुलगा मला जे नवीन म्हणून शिकवत होता, ते मी उमापुरात बसून त्याच्या जन्माआधी केलेलं होतं. आणि त्यापायी एका बाईची काय गत केली — ते सांगायचंय. सांगतो. जरा इकडून तिकडून येऊ द्या, सरळ जायला मला अजून जमत नाही.

उमापुरात आमचं दुकान होतं. खतं, बी-बियाणं, औषधं. मागं घर, घरामागं परस, आणि गावाबाहेर रस्त्याकडेला एक गोदाम. आम्ही लिंगायत. आप्पा म्हणजे माझे वडील. गावात त्यांचा शब्द चालायचा, आणि तो चालतो हे त्यांना फार आवडायचं. मोठा भाऊ विश्वनाथ, मी त्याला दादा म्हणायचो. तो बीडला शिकला, मग तिथंच शाळेत मास्तर झाला, शनिवार-रविवार आणि सणासुदीला घरी यायचा. मी धाकटा नागनाथ. कॉलेजात दोनदा आपटून घरी आलो आणि मोटारसायकल फिरवणं हाच माझा धंदा झाला.

ती नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. सगळं खुलं झालंय असं लोक म्हणायचे. काय खुलं झालं होतं ते कुणाला नीट सांगता यायचं नाही, पण गच्चीवर टीव्हीची छत्री लागली होती, हॉटेलात काळ्या थंड्या बाटल्या आल्या होत्या, बियाणं कंपन्यांची टाय लावलेली पोरं मारुतीतून यायची आणि आप्पांना ‘सर’ म्हणायची. पैसा आला की माणसाला दाखवायला काहीतरी लागतं. तलवाड्याच्या बाजूला एक पुढारी होते, त्यांनी शेतातल्या बंगल्यावर अल्सेशियन पाळले होते. झालं — मलाही अल्सेशियन पाहिजे. गोदामाला राखण पाहिजे असं मी आप्पांना सांगितलं. राखण कसली? मला मोटारसायकलवरून उतरल्यावर शिट्टी मारायची होती आणि वाघासारखं काहीतरी धावत यायला पाहिजे होतं. एवढीच माझी अक्कल.

आप्पा तयार झाले, पण एका अटीवर. आपल्या घरात राहायचं तर आपल्यासारखं राहायचं. जे आपण खाऊ तेच ते खातील. म्हणजे ज्वारीची भाकरी, दूध, वरण. सोमवारी आई त्यांच्या कपाळाला भस्मसुद्धा लावायची. खोटं वाटतं? टायगर आणि राणी अशी नावं, आणि कपाळाला तीन पट्टे. ती दोन पिल्लं आमच्या दारात आली आणि बिचारी आमच्या धर्मात अडकली.

वाढली, पण कशी? बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. केस निस्तेज, कान पडलेले. भाकरी बघून तोंड फिरवायची, मग भूक लागली की नाइलाजानं चघळायची. बसस्टँडवरच्या हॉटेलात माझी टर उडायला लागली. वाण्याची कुत्री, चोर आला तर त्याला हात जोडतील. मी हसण्यावारी न्यायचो आणि घरी येऊन कुत्र्यांना लाथ घालायचो. हेही लिहून ठेवतो. लाथ घालायचो.

शेवटी त्या पुढाऱ्यांनाच विचारलं. ते बंगल्याच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की अजून आठवलं तरी कान तापतात.

“भाकरीवर मांजर पोसावं बे,” ते म्हणाले. “कुत्र्याला कच्चं लागतंय. शिजवायचं बी न्हाई. हाय तसं टाकायचं.”

कच्चं. हा शब्द मला असा पटला म्हणून सांगू! कारण शिजवायचं कुठं, हाच तर प्रश्न होता. आमच्या घरात अशी चूल नव्हती जिच्यावर ते चढलं असतं, असं भांडं नव्हतं जे पुन्हा घरात घेता आलं असतं. आणि मी लगेच मनाशी हिशोब लावला — कच्चं म्हणजे अन्न नव्हेच. चूल नाही, भांडं नाही, वाफ नाही, मग बाटलं काय? मी ते खात नाही, घरात नेत नाही, गोदामात नुसतं कापून टाकतो. धर्म शाबूत, कुत्री तयार. आमच्यासारख्या घरात वाढलेला माणूस असल्या पळवाटा काढण्यात फार तयार असतो. नियम मोडायचा नाही, नुसती त्याची बाजू बदलून घ्यायची.

दुकानाच्या कामानं मला गेवराईला जावं लागायचंच. तिथून पिशवीत बांधून घ्यायचो, मोटारसायकलच्या डिकीत औषधांच्या नमुन्यांखाली ठेवायचो आणि दुपारी आप्पा आडवे झाले की थेट गोदाम. युरियाच्या पोत्यांमागं एक सुरी आणि लाकडाचा ठोकळा लपवला होता. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. दुसऱ्या खेपेला झाली नाही. माणूस किती लवकर सरावतो! आणि ती कुत्री — काय सांगू! त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पहिल्याच तुकड्याला टायगरचे डोळे बदलले. भाकरी खाताना ती दोघं माझ्याकडं बघायची, मांस खाताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांत अंगावर तकाकी आली. छाती भरली. भुंकणं असं की रस्त्यावरची बैलं बिचकावीत. आणि मग जे सुरू झालं, त्याला मी आजही हसतो — आणि हसू संपलं की तोंड कडू पडतं.

आप्पांना वाटलं, हे त्यांच्या भाकरीचं फळ! ते येणाऱ्या-जाणाऱ्याला गोदामावर नेऊन दाखवायचे. बघा, वरण-भाकरीवर कशी झालीत. मांस पाहिजे म्हणणाऱ्यांनी यावं आणि बघावं. आमचे स्वामी, म्हणजे आमच्या घराण्याचे जंगम गुरू, त्यांच्या कानावर गेलं, तर त्यांनी दोन-तीन गावांत कीर्तनात सांगितलं की उमापुरात एका भक्ताची कुत्री शाकाहारी आहेत आणि मांस खाणाऱ्या अल्सेशियनलाही भारी आहेत. लोक बघायला यायला लागले. जालन्याहून कुणी आलं. आप्पा त्यांना चहा पाजायचे, कुत्र्यांच्या कपाळावरचं भस्म दाखवायचे. आणि मी? मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. बापाबद्दल मला तेव्हा इतकी तुच्छता वाटायची. एवढं वय झालं, एवढा धंदा केला, आणि कुत्र्याच्या पोटात काय जातं ते कळत नाही? मनातल्या मनात मी सगळ्या गावाला मूर्ख ठरवलं होतं. एकटा शहाणा मी, पोत्यांमागं सुरी लपवणारा.

एक माणूस मात्र मूर्ख नव्हतं. तिथंच येत होतो मी.

दादाचं लग्न. बीडला शिकत असताना त्याचं सुनंदाशी जमलं. तलवाड्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, मराठ्याची. त्यांच्याकडं जत्रेला बोकड पडायचा, रविवारी रस्सा व्हायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. तिच्या बापानं नाव टाकलं. आमच्या आप्पांनी खूप आकांडतांडव केलं, मग स्वामींनी मध्यस्थी केली. मुलीनं लिंगदीक्षा घ्यायची, मांस-मटण सोडायचं, आणि जोवर आमच्या घराची रीत पुरती अंगात मुरत नाही तोवर सासरी राहायचं. ती ‘हो’ म्हणाली. नवरा बीडला, ती उमापुरात आमच्याजवळ. कोण कबूल होईल आज? ती झाली.

वहिनीनं दीक्षा घेतली. सकाळी अंघोळ करून हातावर लिंग घेऊन पूजा करायची, आमच्यापेक्षा जास्त वेळ. मी पूजा आटपायचो, ती करायची. पण तिला स्वयंपाकघरात जायची मुभा नव्हती. झाडलोट, धुणं, न्हाणीचा बंब पेटवणं, दुकानाची पोती शिवणं, गोदामावर जाऊन कुत्र्यांना सकाळची भाकरी घालणं — हे सगळं तिचं. चूल आणि पिण्याचं पाणी आईचं. आई म्हणायची, लिंग गळ्यात घालायला घटका लागती, अंगात उतरायला वरसं लागत्यात. वहिनी उंबऱ्याबाहेर बसून भाजी निवडून आत सरकवायची. दोनेक वर्षं अशी गेली. तिला काय पाहिजे होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिला त्या उंबऱ्याच्या आत जायचं होतं. तिनं केलेला घास आप्पांनी खावा, एवढंच. त्यासाठी तिनं माहेर सोडलेलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी! असं मला तेव्हा वाटायचं. मी त्याच घरात फुकट जेवत होतो ना, म्हणून वाटायचं.

एकदा दुपारी मी गोदामावरून परत आलो. परसात ती हात धुवायला पाणी घालायला आली. तांब्या कलला, पाणी माझ्या हातांवर पडलं, आणि ती मधेच थांबली. माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तुमच्या लक्षात येतंय का? त्या अख्ख्या घरात तो वास ओळखणारी ती एकटीच होती. आईला कळला नसता, आप्पांना कळला नसता. कधी नाकातच गेलेला नाही तो ओळखणार कसा? तिला कळला.

“भावजी,” ती हळू म्हणाली, “साबणानं जात न्हाई ते. राखुंडीनं धुवा.”

आणि बंबातली राख आणून दिली. एवढंच. ना प्रश्न, ना टोमणा. त्यानंतर परसातल्या मोरीजवळ एका करवंटीत कायम राख असायची. ती माझ्यासाठी ठेवत होती. मला झाकत होती. मी ते गृहीत धरलं. मला वाटलं — कबूल करतो — मला वाटलं, हिला जुनी चव आठवली असेल, म्हणून सामील झाली. अशी माझी नजर.

आता त्या श्रावणातल्या सोमवारावर येतो.

स्वामींची पाद्यपूजा आमच्या घरी होती. आणि आईचा हात दुखावलेला, पुरण वाटणं होईना. स्वामी आप्पांना म्हणाले, सूनबाईला करू द्या, दीक्षा मीच दिलीय ना? आप्पा नाही म्हणू शकले नाहीत. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा आमच्या चुलीपुढं बसणार होती. दादा रजा घेऊन आला होता. आदल्या दिवशी तिनं काय काय केलं असेल! डाळ दोनदा निवडली, पातेली चारचारदा घासली. तिला हसताना मी त्या दिवशी पाहिलं, त्याआधी फारसं आठवत नाही.

आदल्या दिवशी मी गेवराईला गेलो होतो, पूजेचं सामान आणायला. बेल, फुलं, केळीची पानं, कापूर. आणि तेच. श्रावणात. पूजेच्याच खेपेत. डिकीत खाली मांस आणि वर बेलाची पानं. लाज? मला तर गंमत वाटत होती.

परत आलो तर आप्पा गोदामावर. खताचा ट्रक आला होता, हमाल होते, मला तिकडं जाता येईना. मग पिशवी घरी आणली आणि न्हाणीमागच्या जळणाच्या ढिगात खुपसली. सकाळी लवकर नेऊ म्हटलं. सकाळी पाहुणे आले, मला हलता आलं नाही. आणि आप्पांनी काय करावं? स्वामींच्या बरोबर आलेल्या मंडळींना दाखवायला म्हणून कुत्री घरी आणली. धुऊन, कपाळाला भस्म लावून. जी गोष्ट आमच्या घराचा मोठेपणा झाली होती, ती स्वामींसमोर मिरवायला नको?

ओसरीत स्वामी पाटावर बसले होते. आप्पा त्यांचे पाय धूत होते. आतून पुरणाचा वास येत होता. मी कापूर घेऊन उभा होतो, आणि परसात टायगरनं जळण उकरलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तो आला, तोंडात फाटकी पिशवी, उंबऱ्यावर पसरला आणि खायला लागला. वहिनीनं पाहिलं. ते काय आहे हे तिला बघताक्षणी कळलं, आणि कुणाचं आहे हेही कळलं. ती ओरडली नाही. चुलीवरची पोळी तशीच टाकून धावली, त्याच्या तोंडातून ते मांस ओढून काढलं आणि पदराआड धरून बाहेर फेकायला निघाली. पूजा मोडू नये म्हणून. मी वाचावा म्हणून. आणि आईनं तिला तसं पाहिलं. नव्या लुगड्यावर डाग, हातात लालभडक लोळा.

आमच्या घरातली कुठलीही बाई किंचाळून मागं सरली असती. हिनं हातात धरलं होतं. तेवढ्यावरच सगळं ठरलं. आईनं विचारलं नाही, कुणी आणलं. आईनं विचारलं, “माहेरचं सुटंना का गं तुला?”

सगळे आत आले. आप्पा ओल्या हातांनी, मागं दादा, मागं मी. जळणाचा ढीग कुणाचा? वहिनीचा. न्हाणीचा बंब कोण पेटवतं? वहिनी. हे ओळखतं कोण? वहिनी. जन्मानं न खाणारा माणूस हे आणेल, हे त्यांच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. आमच्या लोकांचं हेच तर आहे. पाप करायलासुद्धा जात लागते, असं त्यांना वाटतं.

ती माझ्याकडं बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. ती बोलली असती तर? भावजींच्या हाताला वास येतो, असं म्हणाली असती तर? पहिला प्रश्न हाच आला असता — तुला कसा कळला वास? तिनं मला ओळखलं होतं ते ज्या जुन्या आयुष्यामुळं, तेच तिच्या अंगावर उलटलं असतं. हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं — अगदी त्याच क्षणी, लख्ख. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं! हे शब्द लिहिताना बोट थरथरायला पाहिजे. थरथरत नाही.

आप्पा माझ्याकडं वळले. का वळले कोण जाणे. कुठंतरी शंका असेल, किंवा नसेलही.

“नागनाथ, तुला काई ठावं हाय का याचं?”

नुसतं गप्प राहिलो असतो तर मी भित्रा ठरलो असतो. भित्रेपणाला निदान एक नाव आहे. मी गप्प राहिलो नाही.

“मी दुकानात असतो, आप्पा,” मी म्हणालो. “कुत्र्यांना वहिनीच घालती. तिलाच इचारा.”

बघा, किती नीट वाक्य आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. मी दुकानात असायचो. भाकरी वहिनीच घालायची. मी ते वाक्य आधीपासून तयार ठेवलं होतं की काय, इतकं ते पटकन आलं. तेव्हा तिनं वर पाहिलं. एकदाच. मग तिनं हातातलं खाली ठेवलं आणि ती परसात जाऊन उभी राहिली.

स्वामी चांगले होते, असं लोक म्हणतात. ते एवढंच म्हणाले, घाई झाली, आपलीच चूक. आणि पाण्याचा थेंब न घेता उठले. आप्पांनी तिनं केलेलं सगळं — पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात — गाईंपुढं ओतायला लावलं. ते तिलाच ओतायला लावलं. तिनं ओतलं. कुत्री शेजारी बसून बघत होती.

संध्याकाळी दादानं तिला खोलीत विचारलं असेल. तिनं नाही म्हटलं असेल. मग कुणी, असं त्यानं विचारलं असेल, आणि तिथं ती गप्प राहिली असेल. हे मी अंदाजानं सांगतोय, पण एक अंदाजानं नाही. पुढं दिवाळीच्या आत दादानं तिला बीडला नेलं, भाड्याच्या खोलीत. बऱ्याच वर्षांनी एकदा त्यानं मला मोकळेपणानं सांगितलं — अरे, सवय होती तिची लहानपणापासूनची, एखाद्या वेळी मोह झाला असेल, मी तिला कधी बोललो नाही. माफ केलं मी तिला. असं म्हणाला. माझ्याकडं अभिमानानं बघत म्हणाला. आयुष्यभर ती बाई न केलेल्या गोष्टीची माफी घेऊन त्याच्या घरात राहिली. मी त्याला काय म्हणालो? मी म्हणालो, “तू मोठा माणूस हायेस, दादा.”

आणि त्या घरात आजही मांस शिजत नाही. तिच्या मुलांना चव माहीत नाही. तिनं दीक्षा सोडली नाही. आमच्या सगळ्या घराण्यात रीत खरी पाळणारी ती एकटीच निघाली.

कुत्र्यांचं राहिलं. त्या दिवसानंतर भीतीनं मी मांस बंद केलं, पुन्हा भाकरी. त्यांना ती आता खाता येईना. टायगरनं वस्तीवरच्या एका म्हातारीची शेळी फाडली, लोकांनी त्याला काठ्यांनी मारला. राणीला आम्ही साखळीनं बांधली आणि ती साखळीतच वाळत गेली. आप्पांनी पुन्हा कुणाला कुत्र्यांविषयी सांगितलं नाही. मीही शिट्टी मारणं सोडलं. माझी हौस फिटली होती.

तुम्ही म्हणाल, कोवळं वय होतं. नव्हतं. चोवीस वर्षांचा घोडा होतो. म्हणाल, एका क्षणात घडलं. तेही नाही. कारण मला पुन्हा संधी मिळाली होती, आणि तीही मोकळी, हातात आणून दिलेली.

आप्पांना शेवटी अर्धांगवायू झाला. बीडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. ओसरीत खाटेवर पडून होते. वाचा गेली होती, पण समजत सगळं होतं. ओळखायचे, डोळ्यांनी बोलायचे. दादा आणि वहिनी आले. घरात माणसांची गर्दी, आई खाटेजवळ बसून थकलेली, आणि त्या गडबडीत वहिनीला कुणी अडवलं नाही. ती सरळ आत गेली, पिण्याच्या पाण्याच्या घागरीतून फुलपात्र भरलं आणि खाटेजवळ येऊन गुडघ्यावर बसली. चमच्यानं पाणी आप्पांच्या ओठाला लावलं.

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. तिनं पदरानं टिपलं. पुन्हा चमचा भरला. आप्पांनी, ज्यांना कूस बदलता येत नव्हती त्यांनी, जिवाच्या आकांतानं मान भिंतीकडं फिरवली.

सगळ्यांनी पाहिलं. दादा बाहेर निघून गेला. आई म्हणाली, ऱ्हाऊ दे सुनंदा.

वहिनी उठली. तिच्या केसांत पांढरं आलं होतं, ते मी तेव्हा पाहिलं. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि फुलपात्र माझ्या हातात दिलं.

“तुमी पाजा, भावजी,” ती म्हणाली. “तुमच्या हातचं चालतंय त्यानला.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आप्पांना ऐकू येत होतं, समजत होतं. आई तिथंच होती. एक वाक्य — आप्पा, ते मी आणलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. मरणाऱ्या माणसाचं ओझं कशाला वाढवा, असं मी नंतर स्वतःला समजावलं. तेव्हा तसलं काही मनात आलं नव्हतं. तेव्हा मनात एवढंच आलं की सगळे बघतायत.

मी गुडघ्यावर बसलो. चमचा भरला. “आप्पा, पाणी,” म्हणालो.

आप्पांनी माझा आवाज ओळखला, मान वळवली, तोंड उघडलं, आणि माझ्या हातचं पाणी चमचा-चमचा करत सगळं प्यायले. वहिनी दाराशी उभी राहून फुलपात्र रिकामं होईपर्यंत बघत होती.